उभं राहून ऐकायचं गाणं

वायरमनच्या घरात गाणं लागत नाही. रेडिओ आहे, पण तो बातम्यांपुरता. बातम्या संपल्या की पुढचा सूर निघायच्या आत तो उठतो आणि कान पिळावा तसं बटण पिळतो. शेजारच्या बायकांना वाटतं म्हातारा तिरसट आहे. त्यांच्या पोरांना वाटतं त्याला कमी ऐकू येतं. दोन्ही खोटं. कान त्याचे अजून इतके तिखट आहेत की जिन्यावरच्या पावलावरून कोण आलं ते तो सांगतो. एके काळी हाच माणूस गाण्यापायी पुढ्यातलं ताट विसरायचा, हे आज कुणाला सांगितलं तर पटायचं नाही. बायकोला विचारावं, तर ती म्हणते, "त्यांचं गाणं दवाखान्यात गेलं ते तिकडंच राहिलं," आणि भांडी जरा जास्तच आवाज करत घासायला घेते.

सरकारी इस्पितळात त्याने उभी नोकरी काढली. पंखे, दिवे, घंट्या, लिफ्टचे रुसवेफुगवे, सगळं त्याच्याकडे. त्याला नावाने कुणी हाक मारल्याचं ऐकिवात नाही. डॉक्टर वायरमन म्हणत, झाडूवाल्या मावशा वायरमन म्हणत, आणि पुढे पुढे बायकोही चिडली की वायरमनच म्हणू लागली.

पण तरुणपणी त्याला दुसरं नाव होतं. मित्र त्याला "घरगुती" म्हणत. त्याचं असं झालं, की त्या काळी सीमेपलीकडच्या देशातली गाणी म्हणजे लोकांना वेड होतं. तिकडचे गायक, तिकडची वाद्यं, तिकडच्यासारखे केस, तिकडच्यासारखी शर्टाची कॉलर. पलीकडची भाषा अर्धीमुर्धी समजायची, पण माना पूर्ण डोलायच्या. आपल्याकडचे गाणारे म्हणजे समारंभात मुख्य पाहुणा येईपर्यंत वेळ काढायला बोलवायची माणसं. पाहुणा आला की गाणं जिथं असेल तिथं थांबवायचं, आणि गाणाऱ्यानेही त्यात काही वाटून घ्यायचं नाही.

अशा दिवसांत हा पठ्ठ्या आपल्याकडच्या एका बाईंचं गाणं ऐकायचा. दुरुस्तीच्या दुकानात तो काम शिकत होता. दुपारी मालक खुर्चीत पेंगायचा आणि रेडिओवर आपल्याकडच्या कलाकारांचा कार्यक्रम लागायचा. तो मुद्दाम दुपारी, म्हणजे कुणी ऐकू नये अशाच वेळेला. त्यात या बाई गायच्या. आवाज गोड म्हणावा असा नव्हता. जरासा बसका, शेजारच्या खोलीतून कुणीतरी आपल्याशीच बोलतंय असा. त्यांचं एक गाणं होतं. धाकटी बहीण भांडून घर सोडून गेली आहे आणि थोरली तिला सांगते आहे. फार काही सांगत नाही. तुझी चादर वाळत घातली, तुझी वाटी बाजूला ठेवली, असलंच. आणि शेवटच्या कडव्यात म्हणते, मी नुसतं दार लोटलंय, कडी लावलेली नाही. एवढंच गाणं. वायरमनच्या हातातली वायर त्या ओळीला थांबायची. का, ते त्याला सांगता यायचं नाही. त्याला बहीणही नव्हती.

मित्र खो खो हसायचे. "घरगुती, तुझ्या बाईंना खोकल्याचं औषध पाठव," म्हणायचे. तो हसण्यावारी न्यायचा. पण मनात कुठेतरी ते साठत होतं, आणि साठलेलं माणूस कधी ना कधी बाहेर काढतोच.

एकदा त्या बाई प्रत्यक्ष गायला आल्या. कामगारांच्या सभागृहात कार्यक्रम होता आणि माईक लावायला दुकानातून यालाच पाठवलं होतं. ऐकणारे मोजकेच. त्यातले काही पावसाला अडकलेले, आणि एक रखवालदार. बाईंनी माईकपाशी येऊन विचारलं, आवाज अजून कमी होईल का, मला मोठ्याने बोलायची सवय नाही. हा गोरामोरा झाला. म्हणाला, यापेक्षा कमी होत नाही बाई, मशीनच तसं आहे. बाई म्हणाल्या, "बरं." तक्रार नाही, राग नाही, एखादीने पदर सावरावा तसं ते "बरं" म्हणून त्यांनी गायला सुरुवात केली. याने सगळं टेपवर घेतलं होतं. त्यामुळे त्याच्या टेपवर गाण्याच्या आधी ते "बरं" होतं, आणि जगात दुसऱ्या कुणाच्याही टेपवर नव्हतं.

लग्न झालं तेव्हा बायको पलीकडच्या गाण्यांवर वाढलेली. पहिल्या दिवशीच तिने टेप ऐकून विचारलं, "यांना बरं नाहीये का?" पुढे महिनोन्महिने चिडवणं चाललं. मग तिचं आपल्या भावाशी कशावरून तरी बिनसलं, येणंजाणं तुटलं. एका दुपारी ती काहीतरी निवडत बसली होती आणि याने टेप लावली होती. कडी लावलेली नाही, ही ओळ आली आणि तिचे हात थांबले. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच विचारलं, "ते तुमचं लावता का?" तेव्हापासून ते दोघांचं झालं. भांडण झालं, पोर आजारी पडलं, कुणी गेलं, की संध्याकाळी टेप लागायची. दोघं बोलायची नाहीत. त्यांच्या संसारात जे काही बोलायचं राहून गेलं, ते त्या बाई बोलायच्या.

मग सीमेवर भडका उडाला. आपली पोरं मेली, त्यांचीही मेली असतील, पण ते मोजायची इकडे पद्धत नव्हती. बघता बघता वारं फिरलं. जी गाणी लोक डोक्यावर घेत होते ती रस्त्यावर आली, अक्षरशः. चौकात कॅसेटींचे ढीग पडले आणि काळ्या फिती झाडांना लोंबकळू लागल्या. आणि मग लोकांच्या लक्षात आलं की आता ऐकायचं काय? कान तर रिकामे झाले. कुणीतरी सभेत या बाईंचं गाणं लावलं. भाषण करणारा म्हणाला, घर म्हणजे आपला देश, आणि दार म्हणजे आपली सीमा. टाळ्यांचा कडकडाट झाला. दार उघडं ठेवणाऱ्या बाईचं गाणं दार बंद करायला निघालेल्यांनी उचललं, आणि त्यात काही चुकतंय असं एकाही शहाण्याला वाटलं नाही. पुढे त्यात ढोल घातले, मागे पन्नास जणांचा कोरस घातला, आणि कडीची ओळ तीनदा म्हणायची ठरली.

वायरमनला काय वाटलं? आनंद झाला. उगाच का खोटं सांगायचं? ऊर भरून आला त्याचा. जुने मित्र शोधत आले आणि म्हणाले, घरगुती, तूच खरा निघालास, तूच पहिल्यापासून आपल्या माणसांचा. इतकी वर्षं हसणारी तोंडं आता मान देत होती. त्या मानाला तो भुलला. ही माणसं बाईंच्या गळ्यावर फिदा झालेली नाहीत, बाईंच्या जन्मगावावर फिदा झाली आहेत, हे त्याला कळायला हवं होतं. तो आवाज सीमेच्या चार पावलं पलीकडे जन्मला असता तर याच लोकांनी तोही चौकात फेकला असता. पण माणसाला एकदा का आपण बरोबर ठरलो असं वाटलं, की पुढचं दिसत नाही.

नियम आला. सरकारी कचेऱ्या, बसथांबे, इस्पितळं, जिथं जिथं माणसं वाट बघत बसतात तिथं आपल्याच कलाकारांची गाणी वाजली पाहिजेत. त्यात बाईंचं ते गाणं ठरावीक वेळाने आलंच पाहिजे, आणि शेवटच्या कडव्याला सगळ्यांनी उभं राहायचं. इस्पितळात माणसांना नंबर पुकारून आत बोलवायची एक काचेच्या खिडकीची खोली होती. माईक आणि अॅम्प्लिफायर तिथेच. गाण्यांचं कामही वायरमनकडे आलं. त्याने सगळीकडे स्पीकर लावले. नियमात नव्हतं तरी बाहेर भिंतीलगत, लोक उन्हाला बसतात त्या बाकावरही एक लावला. सुरुवातीला तो माईकवर सांगायचा, "ज्यांना शक्य असेल त्यांनी उभं राहावं." पायाला प्लास्टर घातलेली माणसंही खुर्चीला धरून धडपडत उठायची. पुढे "शक्य असेल" हे शब्द गळाले. तेवढ्याने वाक्य लांबत होतं.

तापाच्या वॉर्डात एक सिस्टर होती. तिला वॉर्डातला आवाज सोसायचा नाही. म्हणजे तिला नव्हे, तिच्या रोग्यांना. येता-जाता ती त्या काचेच्या खिडकीतून हात घालून बटण खाली फिरवायची. दोन-चारदा असं झालं तेव्हा वायरमनने बैठकीत सुचवलं, की विजेच्या मीटरला असतं तसं शिशाचं सील बटणालाच लावून टाकू. मोठ्या साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. सील त्याने स्वतःच्या हाताने लावलं. सिस्टर आली, तिने ते बघितलं आणि म्हणाली, "तुम्हाला हे गाणं आवडतं म्हणतात. मग त्याचं असं का करताय?"

उत्तर सुचलं नाही की माणूस प्रश्न विचारतो. भोवती दहाजण ऐकत होते. तो म्हणाला, "सिस्टर, तुमचं माहेर नक्की कुठलं?"

एवढंच. तिचं माहेर कुठलं होतं ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्याची गरजही पडली नाही. पावसाळ्याआधी तिची बदली कुठल्या कुठे झाली. घरी येऊन त्याने हे बायकोला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ती म्हणाली, "पोर चांगली होती. आपल्या छोटीच्या तापात रात्रभर उभी होती." आणि वाढायला उठली.

त्याच सुमारास घरात ती दुसरी गोष्ट घडली, जी त्याने बरेच दिवस कुणाला सांगितली नाही. बायकोच्या भावाच्या मरणाची बातमी आली. अबोला तसाच राहून गेलेला. ती भिंतीला टेकून बसली होती. याने जुनी टेप काढली, पुसली, लावली. "बरं," म्हणाल्या बाई, आणि गाणं सुरू झालं. आणि याला ढोल ऐकू यायला लागले. टेपवर ढोल नव्हते. त्या सभागृहात एक पेटी आणि पावसाचा आवाज, एवढंच होतं. पण जिथं इस्पितळात ढोल पडतो तिथं तिथं त्याच्या डोक्यात ढोल पडत होता. शेवटचं कडवं आलं आणि त्याचे पाय आपसूक जमिनीवर दाबले गेले, उठायला. त्याने बायकोकडे पाहिलं. ती त्याच्या पायांकडे बघत होती.

"बंद करा," ती म्हणाली. "दवाखान्यात बसल्यासारखं वाटतंय."

त्याने टेप बंद केली. तिला रडायला दुसरी जागा नव्हती, आणि होती ती याने चव्हाट्यावर नेऊन ठेवली होती. हे त्याला कळलं, आणि कळून काहीही करता येण्यासारखं उरलं नव्हतं. सकाळी उठून त्याने पुन्हा तेच गाणं लावलं, कारण ती त्याची नोकरी होती.

आणि बाई? त्यांना सुरुवातीला शाली मिळाल्या, मानपत्रं मिळाली. मग एका मुलाखतीत त्या म्हणाल्या, की ते गाणं माझ्या धाकट्या बहिणीसाठी आहे, ती लग्न करून सीमेपलीकडे गेली, तिला यायचं झालं तर येऊ द्या. ती मुलाखत एकदाच लागली. त्यानंतर बाईंना कुणी बोलावलं नाही आणि त्याही कुठे गेल्या नाहीत. त्या गप्प झाल्या हे लोकांच्या लक्षातही आलं नाही, कारण गाणं चालूच होतं. इस्पितळाच्या भिंतीवर त्यांचं मोठं चित्र होतं, काळ्याभोर केसांचं, तिशीतलं. चित्र काही म्हातारं होत नाही.

अशी वर्षं गेली. वायरमनची निवृत्ती जवळ आली. आवाजाची तक्रार घेऊन कुणी ना कुणी रोज खिडकीशी यायचं, आणि त्यांच्यासाठी त्याच्याकडे एक ठरलेलं वाक्य होतं. ते बोलायला त्याला मान वर करावी लागत नसे.

त्या दिवशी सकाळी ओपीडीत बसायला जागा नव्हती. तो माईकच्या वायरीला चिकटपट्टी गुंडाळत होता. खिडकीत कुणीतरी येऊन उभं राहिलं आणि अगदी बारीक, घासलेल्या आवाजात म्हणालं, की आवाज जरा कमी होईल का.

"आवाज वरून ठरलेला आहे," तो खाली बघतच म्हणाला. "त्रास होत असेल तर बाहेर बाकावर जाऊन बसा. नंबर आला की पुकारतो."

"बरं," ती बाई म्हणाली.

त्याचा हात थांबला. त्याने मान वर केली तेव्हा खिडकी रिकामी होती. गळ्याला मऊ फडकं गुंडाळलेली एक वाळकी म्हातारी भिंतीला धरत धरत दाराकडे चालली होती. आवाज ओळखू येण्यासारखा राहिलाच नव्हता. पण ते "बरं" त्याने हजार वेळा ऐकलं होतं. झोपेत ऐकलं असतं तरी त्याने ओळखलं असतं. खाली पुकारायच्या यादीत आज घशाच्या डॉक्टरांचेही नंबर होते.

तो उठून मागोमाग गेला. बाई बाकावर बसल्या होत्या, आणि डोक्यावर त्यानेच लावलेल्या त्या जादा स्पीकरवर तेच कडीचं गाणं ढणाढणा वाजत होतं. बरोबरची भाची की कोण ती केसपेपरच्या रांगेत असावी. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. निळा गणवेश दिसला, म्हणून अदबीने जरा सरकून बसल्या. कदाचित इथं बसायलाही मनाई असेल असं वाटलं असावं. त्याला खूप काही बोलायचं होतं. दुपारचा रेडिओ, पाऊस, सभागृह, बायकोचा भाऊ. पण तो उलटा फिरला, खोलीत आला, खिशातली पक्कड काढली आणि सील कापलं. बटण डावीकडे, पार शेवटपर्यंत फिरवलं.

किती वर्षांनी त्या दालनात शांतता झाली. पंख्यांची घरघर ऐकू आली. एक मूल कण्हत होतं ते ऐकू आलं. त्याला वाटलं, आता जावं आणि सांगावं, बाई, कमी केला. त्याच्या पायात बळ आलं. त्या काही क्षणांत तो पुन्हा दुरुस्तीच्या दुकानातला पोरगा होता.

"गाणं का थांबलं?" कुणीतरी विचारलं.

मग दुसऱ्याने विचारलं. हाताला झोळी बांधलेला एक गृहस्थ उठून खिडकीशी आला. माणूस वाईट नव्हता, रांगेत म्हाताऱ्यांना पुढे सोडत होता मघापासून. पण आता त्याचा चेहरा दुखावलेला होता. म्हणाला, बाईंचं गाणं मध्येच तोडायचं म्हणजे काय, हे काय चाललंय? मागून आवाज चढू लागले. गडबड ऐकून साहेब जिन्यावरून खाली आले. त्यांची नजर थेट बटणाकडे गेली, कापलेल्या तारेकडे गेली आणि मग वायरमनकडे.

"कुणाच्या सांगण्यावरून?" साहेबांनी विचारलं.

झोळीवाला म्हणाला, "मघाशी एक म्हातारी खिडकीत तक्रार करत होती. बाहेर बसलीये बघा. आपलं गाणं टोचतंय तिला. विचारा की तिला, कुठली आहे ती."

सगळ्यांचे डोळे वायरमनवर. एक वाक्य पुरे होतं. त्या ह्याच आहेत, एवढंच. पुढे तो स्वतःची समजूत घालायचा, की सांगितलं असतं तर लोकांनी आजारी बाईंना खांद्यावर घेतलं असतं, फोटो काढले असते, कडीची ओळ म्हणायला लावली असती. किंवा विश्वासच ठेवला नसता. असेलही तसं. पण हे सगळं त्याला नंतर सुचलं. त्या क्षणी त्याच्या मनात एकच गोष्ट आली, की आता हे लोक मला विचारतील, तू कुठला. तो प्रश्न कसा असतो ते त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं?

"कनेक्शन सैल झालं होतं, साहेब," तो म्हणाला. "सील गंजलेलं, हात लावल्याबरोबर तुटलं. आत्ता लावतो."

आणि त्याने बटण उजवीकडे फिरवलं. मध्येच थांबलेलं गाणं पहिल्यापासून लावायचं असा नियम होता. त्याने ते पहिल्यापासून लावलं. माणसं खूश होऊन खुर्च्यांवर टेकली. साहेब वर गेले. तो दारात येऊन उभा राहिला, आत नाही आणि बाहेर नाही असा.

शेवटचं कडवं आलं. दालनातल्या खुर्च्या एकदम करकरल्या. झोळीवाला दाराशीच होता. त्याला बाकावर बसलेली म्हातारी दिसली आणि त्याचा राग निवळला असावा, कारण तो चांगल्या मनानेच बाहेर गेला. धड हाताने त्याने तिचं कोपर धरलं.

"उठा आजी," तो म्हणाला. "आपल्या बाईंचं गाणं आहे."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग वर स्पीकरकडे. आणि उठल्या. त्याने नीट धरलं होतं. ढोल सुरू झाले. पन्नास जण म्हणू लागले, कडी लावलेली नाही, कडी लावलेली नाही. आतली माणसंही म्हणत होती, काहींच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. बाईंचे ओठ मिटलेले होते. ते पाहून झोळीवाल्याने त्यांना धीर दिला.

"म्हणा, म्हणा. येत नसेल तर नुसते ओठ हलवा. चालतं."

बाईंनी गळ्याच्या फडक्याला हात लावून दाखवला. तो म्हणाला, असू दे, असू दे. वायरमन दारात ताठ उभा होता. हात बाजूला, टाचा जुळलेल्या. त्याला हलता येत नव्हतं. इतक्या वर्षांत त्या कडव्याला तो कधी हललेला नव्हता.

ओळ तिसऱ्यांदा म्हणून झाली. ढोल थांबले. माणसं बसली, खोकली, आपापल्या कागदांत बघू लागली. झोळीवाल्याने बाईंचं कोपर सोडलं, त्यांच्या पाठीवर हलकेच थोपटलं आणि समाधानाने आत गेला. बाई उभ्याच राहिल्या. इथली रीत त्यांना ठाऊक नव्हती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, गणवेशातला एकच माणूस समोर होता. त्यांनी त्यालाच विचारलं.

"झालं का?"

"हो," वायरमन म्हणाला.

"मग आता बसू का मी?"

तो म्हणाला, बसा. बाई बाकाचा हात चाचपत बसल्या. तोवर पुढचं गाणं सुरू झालं. तेही त्यांचंच होतं, पण त्याला उभं राहावं लागत नसे.